गावाकडनं पुण्याला फर्स्ट इयरला येताय? अभ्यासाची घडी अशी बसवा

कॅपचे (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) राउंड संपले की अलॉटमेंट लेटर हातात येतं, मग बापाबरोबर नाहीतर मामाबरोबर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला यायचं, ॲडमिशन घ्यायचं, कॉट बेसिसवर रूम बघायची, मेस लावायची, आणि ह्या धावपळीत कॉलेज कधी सुरू झालं तेपण कळत नाही. मी अशीच आले होते. लातूर जिल्ह्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी तालुक्याच्या कॉलेजात, सीईटीला मार्क चांगले पडले म्हणून पुण्यात इंजिनिअरिंग. आणि पहिल्याच सेमला (सेमिस्टरला) माझा मेकॅनिक्स बॅक राहिला, म्हणजे मी त्यात नापास झाले. इन-सेमला, म्हणजे सेमच्या मधल्या परीक्षेला, ३० पैकी ६ पडले होते, शेवटच्या एंड-सेमला तो खड्डा भरून निघाला नाही. घरी सांगायला मला चार दिवस लागले.

हे आधीच सांगते कारण तो विषय अभ्यास न केल्यामुळं गेला नव्हता. मी रात्री दीड-दोनपर्यंत बसायचे. गेला कारण पहिल्या पंधरा दिवसांत जे कळलं नव्हतं ते मी कुणालाच कळू दिलं नाही. वर्गात सर विचारायचे, एनी डाउट, सगळे गप्प, मीपण गप्प. रूमवर येऊन ते पान परत परत वाचायचे आणि वाटायचं उद्या कळेल. उद्या पुढचा टॉपिक सुरू व्हायचा जो कालच्या टॉपिकवर उभा असायचा.

बारावीपर्यंत आपला अभ्यास दुसरंच कुणीतरी चालवत असतं बघा. क्लासचे सर दर रविवारी टेस्ट घेणार, मार्क घरी मेसेजनं जाणार, कुठं कच्चं आहे ते आपल्याआधी सरांनाच माहीत. इथं तसं नाही. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, सर युनिट शिकवून पुढं जातात, आणि तुम्हाला कळलंय का नाही हे पहिल्यांदा तपासलं जातं ते परीक्षेलाच. तोवर दीड-दोन महिने निघून गेलेले असतात. म्हणून मी आता चुलत भावाला, गावाकडनं येणाऱ्या पोरापोरींना, जो कुणी विचारेल त्याला पहिली गोष्ट हीच सांगते की न कळलेलं लपवू नका, आणि ते ज्या दिवशी कळलं नाही त्याच दिवशी कागदावर आणा.

कसं ते सांगते. प्रत्येक विषयाच्या वहीचं शेवटचं पान रिकामं सोडायचं. लेक्चर चालू असताना जिथं गाडी सुटली तिथं लगेच वही उलटी करून मागच्या पानावर एक ओळ लिहायची, तारखेसकट. पण लिहायचं कसं हे महत्त्वाचं आहे. 'पुलीचं कळलं नाही' असं लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही कारण उद्या ते वाचून तुम्हालाच कळणार नाही की अडलं काय होतं. 'दोरीचं टेन्शन पुलीच्या दोन्ही बाजूला सेम का धरलं' असं लिहा. एवढं नेमकं लिहिता आलं की अर्धं काम झालं, कारण आता हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, रूममेटला, सिनियरला, सरांना, यूट्यूबलासुद्धा. उत्तर मिळालं की ओळ खोडायची. आणि नियम असा ठेवायचा की रविवारी रात्री झोपायच्या आधी त्या पानावर न खोडलेली ओळ राहता कामा नये. कधी एखाददुसरी राहतेच, पण पाच-सहा राहिल्या तर समजायचं की ह्या विषयाकडं आत्ता बघायला पाहिजे, पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) नाही.

आता मराठी मीडियमवाल्यांचा जो खरा त्रास आहे त्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण ह्याच्यावर कुणी नीट बोलत नाही. सगळे म्हणतात इंग्लिश सुधारा, इंग्लिश पेपर वाचा, पिक्चर बघा. ते करा, पण त्यानं मेकॅनिक्सचा पेपर सुटत नाही. फ्रिक्शन, व्हेलॉसिटी, फोर्स हे शब्द आपल्याला अकरावी-बारावीत येऊन गेलेले असतात. अडतं ते प्रश्नातल्या साध्या साध्या शब्दांपाशी. स्मूथ, रफ, लाईट, नेग्लेक्ट, सब्जेक्टेड टू, रिस्पेक्टिव्हली, जस्ट अबाऊट टू स्लिप. हे शब्द शोभेला घातलेले नसतात, ह्यातल्या बहुतेक शब्दांच्या पोटात एकेक समीकरण दडलेलं असतं.

एक गणित घेऊनच दाखवते. पाच मीटर लांबीची शिडी, वजन २०० न्यूटन, भिंतीला टेकवलेली, शिडीचा पाय भिंतीपासून तीन मीटरवर. भिंत स्मूथ, जमीन रफ. शिडी जस्ट अबाऊट टू स्लिप आहे. घर्षणाचा गुणांक काढा.

मी हे गणित पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंतीपाशीपण घर्षण दाखवलं, जमिनीपाशीपण दाखवलं, अज्ञात राशी चार झाल्या आणि समीकरणं तीनच, मग सुटणार कसं. तेव्हा स्मूथ म्हणजे गुळगुळीत एवढंच मला माहीत होतं. पण मेकॅनिक्सच्या भाषेत स्मूथ म्हणजे घर्षण शून्य, म्हणजे भिंत शिडीला फक्त सरळ बाहेर ढकलते, वर-खाली काही धरत नाही. आणि जस्ट अबाऊट टू स्लिप म्हणजे घसरायच्या अगदी बेतात, म्हणजे जमिनीवरचं घर्षण आता त्याच्या कमाल मर्यादेला पोचलंय, म्हणून तिथं घर्षण बरोबर म्यू (घर्षणाचा गुणांक) गुणिले नॉर्मल (जमीन शिडीला सरळ वर ढकलते ते बल) असं लिहायची परवानगी मिळते. एरवी ती मिळत नाही. हे दोन शब्द उलगडले की उरलेलं सोपं आहे. शिडी पाचची, पाय तीनवर, म्हणजे वरचं टोक चार मीटर उंचीवर. वजन शिडीच्या मधोमध, म्हणजे पायापासून दीड मीटर आडव्या अंतरावर. पायापाशी मोमेंट (बल गुणिले लंब अंतर) घ्या, भिंतीची रिॲक्शन गुणिले ४ बरोबर २०० गुणिले दीड, म्हणजे रिॲक्शन आली ७५ न्यूटन. आडवी बलं सारखी म्हणून घर्षणपण ७५. उभी बलं सारखी म्हणून जमिनीचा नॉर्मल २००. ७५ भागिले २०० म्हणजे ०.३७५. चार ओळींत संपलं.

म्हणून माझं म्हणणं आहे की शंभर पानी एक छोटी वही करा आणि असे शब्द दिसतील तसे त्यात लिहा, पण डिक्शनरीतला अर्थ नको, गणितात त्याचं काय करायचं ते लिहा. लाईट स्ट्रिंग, दोरीचं वजन धरायचं नाही. लाईट दोरी आणि बिनघर्षणाची, बिनवजनाची पुली असेल तर टेन्शन दोन्ही बाजूला सेम (वर शेवटच्या पानावर जो प्रश्न लिहिला होता त्याचं उत्तर हेच). इनएक्स्टेन्सिबल, दोरी ताणली जात नाही, म्हणून दोन्ही ठोकळ्यांच्या त्वरणाचं मूल्य सारखं. स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट, सुरवातीचा वेग शून्य. रिस्पेक्टिव्हली, ज्या क्रमानं नावं दिली त्याच क्रमानं आकडे. माझ्या वहीत सेमच्या शेवटी दीडेकशे शब्द झाले असतील, जास्त नाही. एवढ्यावर मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकलचे बहुतेक प्रश्न वाचता येतात. आणि ह्याच्यात लाजण्यासारखं काहीच नाही, इंग्लिश मीडियमच्या पोरांनापण हे अर्थ आपोआप माहीत नसतात, ती फक्त शब्दाला घाबरत नाहीत एवढाच फरक.

भाषेचं अजून एक सांगायचं राहील. मराठीत समजून घ्यायला अजिबात कचरू नका. एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीतसुद्धा आहेत, फुकट डाउनलोड होतात. कन्सेप्ट मराठीत वाचायचा, तोच लगेच इंग्लिशमध्ये वाचायचा, आणि उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून इंग्लिशमध्ये लिहून बघायचं, कारण पेपर त्याच भाषेत लिहायचाय. मी उलटं केलं होतं, सगळं इंग्लिशमध्येच वाचायचा हट्ट धरला आणि समजत नसताना पाठ करत बसले.

आता सरांना विचारायचं कसं. वर्गात सत्तर जणांसमोर हात वर करायला जमत नसेल तर नका करू, पहिल्या महिन्यात तरी जबरदस्ती नाही. पण लेक्चर संपल्यावर किंवा मधल्या सुट्टीनंतर स्टाफरूमला जा. दारात उभं राहून मे आय कम इन म्हणायलाच माझी छाती धडधडायची, पहिल्यांदा गेले तेव्हा दोनदा दारापासून परत आले होते. जाताना वही घेऊन जायचं, आपण केलेलं अर्धवट गणित उघडून दाखवायचं आणि म्हणायचं, सर, इथपर्यंत आलं, ह्या स्टेपला अडलं. कोरी वही घेऊन 'सर हा टॉपिकच कळला नाही' म्हणलं तर सरपण काय सांगणार, ते म्हणतात परत वाचून ये. पण अर्धवट सोडवलेलं दाखवलं की दोन मिनिटांत चूक कुठंय ते सांगतात. वाक्य मराठीत बोललात तरी चालतं, माझ्या मेकॅनिक्सच्या मॅडम मराठीतच समजावून सांगायच्या, मला ते दुसऱ्या सेमला कळलं जेव्हा मी पहिल्यांदा गेले. हे मला अजून लागतं. पहिल्या सेमला गेले असते तर.

रोजचं वेळापत्रक. लोक सकाळी पाच ते रात्री अकरा असे तक्ते भिंतीला लावतात आणि ते आठवड्यात बंद पडतं. तुम्ही फक्त एक गोष्ट पक्की करा, कॉलेजवरनं आल्यावर चहा-बिहा घेऊन, आंघोळ करून, जे काय असेल ते करून, जेवायच्या आधी आज झालेल्या लेक्चरांना पाऊण तास द्यायचा. त्यात काय करायचं तर वही बंद ठेवायची आणि कोऱ्या कागदावर आज सरांनी काय शिकवलं ते आठवून लिहायचं. जेवढं येईल तेवढं, आकृती, सूत्र, उदाहरण. मग वही उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगाच्या पेननं भरायचं. सुरवातीला फार वाईट वाटतं, चार ओळीपण आठवत नाहीत, पण तेच खरं चित्र असतं. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि तिथंच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिक नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या पोरांवर हाच प्रयोग केला होता, काहींना उतारा परत परत वाचायला लावला आणि काहींना एकदा वाचून मग आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते.

विषयांचं थोडक्यात, कारण सगळ्यांना एकाच पद्धतीनं अभ्यास करून चालत नाही.

एम-वन, म्हणजे मॅथ्स, हे हातानं येतं, डोळ्यानं येत नाही. सीईटीला आपण ऑप्शन बघून, किंमती टाकून, उलट्या बाजूनं उत्तर काढायला शिकलेलो असतो, निगेटिव्ह मार्किंग नसतं म्हणून अंदाजपण चालून जातो. इथं ऑप्शनच नाहीत आणि मार्क स्टेपला आहेत. पार्शल डेरिव्हेटिव्ह आलं की पहिल्याच आठवड्यात कळतं की बारावीचं चेन रूल कच्चं राहिलंय. तसं असेल तर लाजू नका, बारावीचं पुस्तक घरनं मागवून घ्या आणि डिफरन्सिएशनची, इंटिग्रेशनची शंभरेक गणितं परत करा, चार दिवस जातील पण पुढची दोन सेम वाचतील. रोज तीन गणितं, पूर्ण, उत्तरापर्यंत. रविवारी एकदम वीस करण्यापेक्षा हे खूप बरं. आणि हो, सोडवलेलं गणित गाईडात वाचणं म्हणजे गणित सोडवणं नाही, उत्तर झाका आणि करा.

ग्राफिक्सला, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगला, गावाकडच्या पोरांना दोन अडचणी येतात, एक म्हणजे ड्राफ्टर (शीटवर रेषा आखायचं साधन) कधी हातात धरलेला नसतो आणि दुसरं म्हणजे वस्तू डोळ्यासमोर उभी राहत नाही. ड्राफ्टरला पंधरा दिवसांत हात बसतो. वस्तू दिसायला मात्र मी एक उपाय सांगते जो मला एका सिनियर ताईनं शिकवला. मेसमधनं दोन मोठे बटाटे आणायचे, चाकूनं प्रश्नात आहे तसा ठोकळा कापायचा, खाच असेल तर खाच, उतार असेल तर उतार, आणि टेबलावर ठेवून एक डोळा मिटून समोरनं बघायचं, मग वरनं, मग बाजूनं. फर्स्ट अँगलला (दृश्यं शीटवर मांडायची एक पद्धत) समोरचं दृश्य वर आणि वरचं दृश्य त्याच्या खाली का येतं हे मला बटाट्याखाली कागद आणि मागं कागद उभा धरल्यावर कळलं, आधी मी नुसतं पाठ केलेलं होतं. समोरनं बघितलं तर सावली मागच्या कागदावर पडणार, वरनं बघितलं तर खालच्या कागदावर, आणि तो खालचा कागद फिरवून मागच्याच्या रेषेत उघडला की तो खालीच येणार. आपल्याकडं फर्स्ट अँगलच वापरतात, नेटवर अमेरिकन व्हिडिओ बघाल तर त्यात थर्ड अँगल असतं आणि सगळं उलटं दिसतं, गोंधळून जाऊ नका.

आणि हॉस्टेलला जीटी नावाचा प्रकार असतो, काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट ट्रेस करायची. सगळे मारतात, तुम्हालापण सबमिशनच्या आदल्या रात्री मोह होणार. पण परीक्षेत काच नसते. एकवेळ शीट उशिरा द्या, दोन मार्क जाऊ द्या, पण स्वतः काढा.

प्रोग्रॅमिंग. ज्यांनी बारावीपर्यंत कॉम्प्युटरला हात लावला नाही (मी त्यातलीच, आमच्या शाळेत लॅब होती पण कुलूप असायचं) त्यांनी लॅबचा एकही तास बुडवायचा नाही. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये जादा वेळ बसायची परवानगी मागा, मिळते. आमच्या वेळी पायथन होतं. कोड वहीत उतरवून पाठ करू नका, टाइप करा, मुद्दाम एक कंस काढून टाका आणि काय एरर येते ती वाचा. एरर वाचायला शिकलं की भीती जाते. रूममेटचा चालू प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन दाखवला की त्या दिवशी सही मिळते पण ओरलला सरांनी एक ओळ बदलून विचारलं की संपलं.

फिजिक्स-केमिस्ट्री लिहायचे विषय आहेत, त्यांचं फार टेन्शन घेऊ नका, आकृती नीट काढा, मुद्दे सुटे सुटे लिहा.

सिलॅबसची पीडीएफ युनिव्हर्सिटीच्या साईटवर असते, ती पहिल्याच आठवड्यात काढून झेरॉक्स करून भिंतीला लावा. पॅटर्न मधूनमधून बदलतो, आमच्या वेळी २०१९ पॅटर्न होता, ३० ची इन-सेम आणि ७० ची एंड-सेम, नंतर नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आलाय, त्यामुळं सिनियरनं सांगितलं म्हणून धरून चालू नका, स्वतः वाचा. त्यात क्रेडिट लिहिलेले असतात ते बघा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण सेममध्ये १५ तास शिकवणं. एसजीपीए (सेमच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) काढताना प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणतात आणि सगळ्याची बेरीज एकूण क्रेडिटनं भागतात. म्हणजे समजा ४ क्रेडिटच्या विषयात ६ पॉइंट आणि २ क्रेडिटच्या विषयात ९ पॉइंट असतील तर २४ अधिक १८ म्हणजे ४२, त्याला भागिले ६, म्हणजे ७ आला. साडेसात नाही आला. एका क्रेडिटच्या फाईलला सजवण्यात आठवडा घालवायचा आणि ४ क्रेडिटच्या मॅथ्सला दोन दिवस द्यायचे हे मी डोळ्यांनी बघितलंय, मार्जिन आखून रंगीत पेननं हेडिंग काढलेल्या फाईली, आणि मॅथ्स बॅक.

जुन्या प्रश्नपत्रिका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच काढा, पीएलची वाट बघू नका. एक युनिट शिकवून झालं की त्या युनिटचे मागच्या चार-पाच वर्षांचे प्रश्न एका कागदावर उतरवा. कुठला प्रकार दरवर्षी येतो ते आपोआप दिसतं. पण एखादं युनिट पूर्ण ऑप्शनला टाकायचं का हा निर्णय परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचा, सेमच्या सुरवातीला नाही. आणि जे युनिट पुढच्या विषयात लागणार आहे ते कधीच टाकायचं नाही. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनी फ्री बॉडी डायग्रॅम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) टाकलं तर सेकंड इयरला रडायची वेळ येते. गाईडं सगळेच वापरतात, मीपण वापरली, परीक्षेला कामाची आहेत, फक्त आधी वर्गाच्या नोट्स किंवा लायब्ररीतलं चांगलं पुस्तक आणि मग गाईड. व्हिडिओ बघायचेच तर एनपीटीईएल आहे, आयआयटी आणि बंगळूरूच्या आयआयएससीनं मिळून २००३ साली सुरू केलेलं, फुकट आहे, पण अख्खा कोर्स बघत बसू नका, शेवटच्या पानावरच्या ओळीपुरता बघा आणि बंद करा.

अटेंडन्सचं काय सांगायचं, ७५ टक्क्यांची अट असते, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं की घरी पत्र जातं आणि सबमिशनला अडवतात, सेमच्या शेवटी एचओडींच्या केबिनबाहेर उभं राहण्यात जे दिवस जातात ते अभ्यासाचेच दिवस असतात. सणाला गावी जायचं असेल तर आधी हिशोब करा. प्रॅक्टिकलची फाईल दर आठवड्याला चेक करून सही घ्या. दहा प्रॅक्टिकल एका रात्रीत लिहिणारी पोरं दुसऱ्या दिवशी ओरलला झोपेत असतात.

रूमवर अभ्यास होत नसेल, आणि चार जणांच्या रूमवर तो होत नाहीच, तर कॉलेजची रीडिंग रूम बघा, नाहीतर बाहेर महिन्याच्या पैशावर अभ्यासिका असतात. पैसे जास्त वाटत असतील तर फक्त परीक्षेच्या दोन महिन्यांपुरती लावा. एक मैत्रीण किंवा मित्र असा शोधा ज्याला आठवड्यातनं एकदा तुम्ही टॉपिक समजावून सांगाल आणि तो तुम्हाला सांगेल. मराठीतच. समजावताना जिथं जीभ अडखळते तिथं आपल्यालाच कळलेलं नसतं, ते लगेच शेवटच्या पानावर.

पैशाची काळजी डोक्यात असली की अभ्यास होत नाही, म्हणून हेपण. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या पोर्टलवरचा) स्कॉलरशिपचा फॉर्म दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, एकदा भरला म्हणून बसून राहू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल हे गावाकडनं निघतानाच दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन करून घेऊन या, ऐन वेळी तहसीलला कुणाला पाठवायचं हा प्रश्न येतो. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा. कॉलेजात कमवा व शिका योजना असेल तर चौकशी करा, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली कल्पना आहे, पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत चालते, लायब्ररीत, ऑफिसात काही तास काम करायचं असतं आणि तासाप्रमाणं पैसे मिळतात. त्यात कमीपणा मानू नका, माझी रूममेट लायब्ररीत काम करायची आणि आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त पुस्तकं तिलाच माहीत होती.

आणि समजा बॅक राहिलाच तर. रिझल्ट लागल्या दिवशी रडून घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन कामं करा. एक, थोड्या मार्कांनी गेला असेल तर उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज करा, त्याला ठरावीक दिवसांचीच मुदत असते आणि ती भरकन निघून जाते. फोटोकॉपी आली की विषयाच्या सरांना दाखवून मगच रिव्हॅल्युएशनचं ठरवा. मार्क वाढोत न वाढोत, आपण नेमकं काय लिहिलं होतं ते बघणं फार गरजेचं असतं. मी माझी फोटोकॉपी बघितली तेव्हा शिडीच्या गणितात भिंतीपाशी काढलेला तो घर्षणाचा बाण मला लगेच दिसला. दोन, घरी सांगा. आमच्या घरी मी चार दिवसांनी फोनवर सांगितलं, अण्णा म्हणाले किती विषय राहिले, मी म्हणलं एकच, ते म्हणाले मग बाकीचे निघालेत की. फोन आईकडं दिला. आई म्हणाली जेवलीस का.

पुढच्या सोमवारी मी मेकॅनिक्सची वही आणि ती फोटोकॉपी घेऊन स्टाफरूमला गेले.